गेम ऑफ थ्रोन्सचा शेवट : राग डॅनीचा नाही, टिरियनचा येतो

कातरवेळ

(स्पॉयलर भरपूर आहेत. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांनी इथूनच परतावं.)

आठवा सीझन सलग परत पाहिला. 19 मे 2019 ला शेवटचा भाग आला तेव्हापासून भांडण एकाच गोष्टीवर चालू आहे : शरणागतीच्या घंटा वाजल्यावरही ड्रॅगनवाल्या राणी डॅनीने किंग्ज लँडिंग हे राजधानीचं शहर जाळलं, हे पटतं की नाही. त्यावर हवं तेवढं लिहून झालंय. "सीझन नव्याने बनवा" या ऑनलाइन अर्जावर दहा लाखांहून जास्त सह्याही झाल्या. पण या वेळी पाहताना मला डॅनीचा राग आलाच नाही, आला तो तिचा सल्लागार टिरियन लॅनिस्टर याचा. म्हणजे लेखकांनी त्याचं जे केलं त्याचा.

साहेबांची कामगिरी जरा ओळीने बघा. डॅनी नसताना तिने जिंकलेल्या मीरीन शहरात गुलामांच्या मालकांशी तह केला, गुलामगिरी बंद करायला त्यांना सात वर्षांची मुदत दिली. मालक आरमार घेऊन चालून आले. सातव्या सीझनमध्ये डॅनीचं अनसलीड सैन्य लॅनिस्टरांच्या कॅस्टर्ली रॉक किल्ल्यावर धाडलं. किल्ला मिळाला, पण जवळजवळ रिकामा, कारण लॅनिस्टरांची फौज तोवर डॅनीच्या बाजूच्या ओलेनाच्या हायगार्डनवर पोचली होती. ओलेना गेली, त्याआधी डॅनीला मिळालेल्या याराचं आरमार गेलं. मग मेलेल्यांची फौज खरी आहे याची सर्सीची (टिरियनची बहीण, गादीवर बसलेली राणी) खात्री पटावी म्हणून एक चालतंबोलतं प्रेत पकडून आणायची कल्पना निघाली, तीही याचीच. त्या मोहिमेत डॅनीचा ड्रॅगन व्हिसेरियन मेला, मेलेल्यांच्या फौजेच्या म्होरक्याला, नाइट किंगला, आयता ड्रॅगन मिळाला आणि त्याच ड्रॅगनने उत्तरेची भिंत पाडली. हजारो वर्षं उभी असलेली भिंत या गृहस्थांच्या मसलतीमुळे पडली, आणि मालिकेत कुणी एका शब्दाने त्याला जाब विचारत नाही!

पुढे सर्सी सैन्य पाठवेल यावर विश्वास ठेवला. जॉनच्या जन्माचं गुपित (गादीचा खरा वारस तोच) डॅनीचा दुसरा सल्लागार व्हेरिस याच्या कानावर घातलं, आणि व्हेरिस हालचाल करायला लागल्यावर त्याची चुगली डॅनीकडे केली. डॅनीच्या कैदेतल्या भावाला, जेमीला, सोडवलं.

आणि शेवटच्या भागात हाच माणूस, हातात बेड्या, साम्राज्याचा राजा कोण ते ठरवतो आणि जमलेले सगळे सरदार एकेक करून होकार देतात.

आता माझा खरा मुद्दा. टिरियनची दोन संभाषणं अशी आहेत की ज्यांच्यावर अख्खा शेवट उभा आहे. एक, सातव्या सीझनच्या शेवटी सर्सीशी एकट्याने केलेलं. ती गरोदर आहे हे त्याच्या लक्षात येतं आणि सीन कट. पुढच्या वेळी दिसते तेव्हा ती मदत करायला तयार. दुसरं, आठव्याच्या दुसऱ्या भागात, मेलेल्यांच्या फौजेशी लढाईच्या आदल्या रात्री. टिरियन खुर्ची ओढून ब्रॅन स्टार्कसमोर (ज्याला सगळा भूतकाळ दिसतो आणि जो शेवटी राजा होतो) बसतो, तुझी गोष्ट ऐकव म्हणतो, आणि पुन्हा कट. मग शेवटी तो छातीठोकपणे सांगतो की ब्रॅनसारखी गोष्ट दुसऱ्या कुणाकडे नाही. तू ऐकलीस रे बाबा, आम्ही कुठे ऐकली?

दोन्ही वेळा नेमका निर्णय व्हायच्या क्षणी कॅमेरा खोलीतून बाहेर. हे नजरचुकीने झालं असेल असं मला वाटत नाही. ते संभाषण लिहायला जमलं नाही, म्हणून टाळलं.

मीआहेच

जागा पकडून ठेवतोय. हा धागा शंभरी गाठणार.

रानवारा

कातरवेळ, मुद्दा चांगला आहे, पण डॅनीला इतक्या सहज बाजूला नको सारूस. टिरियनचं लिखाण वाईट झालं म्हणून डॅनीचं बरं ठरत नाही.

"लक्षणं पहिल्यापासून होती" हे वाक्य मला आता ऐकवत नाही. हो, तिने मीरीनच्या 163 मालकांना खांबांवर ठोकलं. का, तर त्यांनी तेवढ्याच मुलांना रस्त्याच्या कडेने ठोकलं होतं. वेस डोथ्राकमध्ये खाल (टोळ्यांचे सरदार) जाळले, कारण ते तिच्यावर बलात्काराच्या धमक्या देत होते. टार्ली बापलेकांना (जॉनचा मित्र सॅम याचा बाप आणि भाऊ) जाळलं ते क्रूर होतं, मान्य, पण रणात हरून गुडघा न टेकणाऱ्या शत्रूला मारणं हे त्या जगात कोण करत नाही? नेड स्टार्कने पहिल्याच भागात एका भेदरलेल्या पळपुट्या पोराचं मुंडकं उडवलं. आपण त्याला न्यायी म्हणतो.

आणि चौथ्या सीझनचा शेवट आठवा. एक गरीब माणूस दरबारात येतो, कापडात काहीतरी गुंडाळून आणलेलं असतं. तो ते जमिनीवर ठेवून उलगडतो. तीन वर्षांच्या मुलीची जळलेली हाडं. डॅनीच्या ड्रोगोन या ड्रॅगनने जाळलेली. डॅनीच्या तोंडून शब्द फुटत नाही. त्यानंतर ती स्वतः बाकीच्या दोन ड्रॅगनना, व्हिसेरियन आणि रेगलला, तळघरात नेऊन त्यांच्या गळ्यात साखळदंड अडकवते, ते मागून ओरडत असतात आणि ती रडत रडत दगड लोटून घेते. जिला ती लेकरं म्हणते त्यांना तिने एका परक्या मुलीच्या हाडांसाठी कैदेत टाकलं. तीच बाई आठव्याच्या पाचव्या भागात गल्ल्यांमधून पळणारी पोरं जाळते? एवढा पल्ला गाठायचा तर वाट दाखवा ना. रेगल मेला, जिवलग मैत्रीण मिसांडेचं मुंडकं उडालं, जॉनने चुंबन घ्यायचं टाळलं, झाली वेडी. ही वाट नाही, ही निमित्तं आहेत.

बोरूबहाद्दर

रानवारा यांच्याशी निम्मा सहमत.

जिंकून झाल्यावरचा संहार ही गोष्ट आपल्याला मुळीच नवीन नाही. सौप्तिक पर्व काढा. युद्ध संपलेलं आहे, दुर्योधन मांड्या मोडून पडलेला आहे, अश्वत्थामा त्या रात्री झोपलेल्या छावणीत शिरून धृष्टद्युम्नाला आणि द्रौपदीच्या पाचही मुलांना मारतो. त्याने युद्धाचा निकाल बदलणार नसतो. तरी वाचताना आपण "असं कसं केलं याने" म्हणत नाही, "शेवटी केलंच" म्हणतो. कारण "नरो वा कुंजरो वा" आपल्यासमोर घडलेलं असतं, शस्त्र खाली ठेवलेल्या बापाचं मस्तक कापलेलं असतं, आणि व्यासांनी त्या एका रात्रीला स्वतंत्र पर्व दिलेलं असतं.

इथे घंटा वाजते, डॅनी राजवाड्याकडे (रेड कीप) बघते, श्वास जोरात घेते आणि ड्रोगोन उडतो. त्यानंतर त्या भागात तिचा चेहरा परत दिसत नाही. एकदाही नाही. आठ सीझन जिच्या चेहऱ्यावर कॅमेरा होता तिच्या आयुष्यातला सर्वात मोठा निर्णय झाल्याबरोबर तिला ठिपका करून टाकलं. कातरवेळ, तुमचा कॅमेऱ्याचा मुद्दा इथेही लागू होतो की! तेव्हा राग फक्त टिरियनचा कशाला?

उंबरठा

>> त्यानंतर त्या भागात तिचा चेहरा परत दिसत नाही

हे मात्र मला मुद्दाम केलेलं आणि बरोबर वाटतं. सात सीझन आपण ड्रॅगनच्या पाठीवर बसून खाली बघितलं. खाली जळणारे लोक "वाईट" असायचे, म्हणून टाळ्या वाजवल्या. या पाचव्या भागात, "द बेल्स" मध्ये, पहिल्यांदा आपल्याला रस्त्यावर आणलं. ब्रॅनची बहीण आर्या हिच्याबरोबर राखेत, तुडवले जाणाऱ्या लोकांत. खालून ड्रॅगनवरच्या माणसाचा चेहरा दिसत नसतोच. दिग्दर्शक सापोचनिक यांच्याबद्दल "द लाँग नाइट" च्या काळोखावरून काय बोलायचं ते बोला, पण हा भाग दिग्दर्शन म्हणून अव्वल आहे. पडझडीच्या मधूनच हिरव्या ज्वाळा उसळतात ते पाहिलंत का? वेड्या राजाने शहराखाली पुरून ठेवलेलं वाइल्डफायर. बापाला जे करता आलं नाही ते मुलगी करते आहे, आणि ते एकाही संवादाशिवाय सांगितलंय.

मी पुस्तकंही वाचली आहेत, म्हणून टिरियनबद्दल थोडं. मूळ कादंबऱ्यांमध्ये तो इतका गोड नाही. तिसऱ्या पुस्तकात जेमी त्याला तुरुंगातून सोडवतो तेव्हा टिशाबद्दलचं सत्य सांगतो. टिशा, म्हणजे टिरियनची पहिली बायको, विकत आणलेली वेश्या नव्हतीच, तिचं खरोखर प्रेम होतं. ते ऐकून टिरियन सूडाने पेटतो, जेमीला दुखवायला त्याच्या मुलाबद्दल "जॉफ्रीला मीच मारलं" असं धडधडीत खोटं सांगतो आणि मग बापाकडे जातो. पाचव्या पुस्तकातला टिरियन कडवट, घाणेरडा, सूडाचीच भाषा बोलणारा आहे. तो डॅनीकडे निघालाय ते जगाचं भलं करायला नव्हे.

मालिकेने टिशाची उकल गाळली. भाऊ भाऊ गळ्यात पडून निरोप घेतात. तिथून टिरियनच्या रागाला बूडच राहिलं नाही. राग काढला, मग धार गेली, मग बुद्धी गेली. ब्लॅकवॉटरच्या लढाईत शत्रूचं आरमार हिरव्या आगीत जाळणारा माणूस पाचव्या सीझनपासून "निष्पापांचं काय" एवढंच म्हणत फिरतो. कातरवेळ यांनी दिलेली यादी म्हणजे त्या एका गाळलेल्या प्रसंगाचं व्याज आहे.

कातरवेळ

उंबरठा, टिशाचं हे डोक्यातच आलं नव्हतं. पहिल्या सीझनमध्ये टिरियन ती गोष्ट ब्रॉन आणि शे यांना सांगतो, म्हणजे पाया घातला होता. वर काही बांधलंच नाही.

बोरूबहाद्दर, डॅनीचा चेहरा आणि टिरियनची संभाषणं यांत मला फरक वाटतो. चेहरा न दाखवण्यामागे काही सांगायचं होतं, उंबरठा म्हणतात तसं. सर्सीचं संभाषण मध्येच तोडण्यात काय सांगायचं होतं? फक्त पुढच्या सीझनचा धक्का राखून ठेवायचा होता. प्रेक्षकाला फसवायला पात्राला मूर्ख केलं. आठव्याच्या पहिल्याच भागात ब्रॅनची बहीण सान्सा त्याला टोमणा मारते की तुला मी सर्वात हुशार समजत होते, तेव्हा तर मला टाळी द्यावीशी वाटली. लेखकांनाही कळत होतं!

मीआहेच

हुशार माणसं लिहायची तर लिहिणाराही हुशार लागतो. पुस्तकं संपली, हुशारी संपली.

तिसरा_डोळा

ब्रॅनच्या बाजूने कुणीच बोलत नाहीये म्हणून आलो.

सर्वात आधी : ब्रॅन राजा होणं हे मालिकावाल्यांच्या मनचं नाही. ब्रॅनचं काम करणाऱ्या आयझॅक हेम्पस्टेड राइटने मुलाखतीत सांगितलं होतं की होडोरची (ब्रॅनला पाठीवर वाहणारा) कहाणी आणि ब्रॅनचं राजा होणं या दोन्ही गोष्टी मूळ पुस्तकांचे लेखक मार्टिन यांच्याकडून आलेल्या आहेत. पाचवं पुस्तक 2011 मध्ये आलं, सहाव्याची अजून वाट बघतोय, तेव्हा मार्टिन तिथवर कसे पोचणार ते देव जाणे. पण मुक्काम तोच आहे.

दुसरं. आठव्याच्या दुसऱ्या भागात ब्रॅन सांगतो की नाइट किंगला या जगाची आठवण पुसून टाकायची आहे, आणि ती आठवण म्हणजे मी. सॅम त्याला जोड देतो की विसरणं म्हणजेच मरण. सूत्र किती छान होतं! ज्या राज्यात प्रत्येक राजा मागच्याच्या चुका परत करतो तिथे सगळं आठवणारा, वारस होऊ न शकणारा, कशाचीच हाव नसलेला माणूस बसवायचा. यापेक्षा चांगला शेवट मला सुचत नाही. शिवाय नाइट किंग ज्या खंजिराने मेला तो पहिल्या सीझनमध्ये ब्रॅनलाच मारायला पाठवलेला होता, त्यानेच तो आर्याला दिला. सगळे धागे त्याच्यापाशी येतात.

शंकासूर

>> कशाचीच हाव नसलेला माणूस

मग टिरियनने विचारल्यावर "मी एवढ्या लांब कशाला आलो असं वाटतं तुला?" अशा अर्थाचं उत्तर का देतो? आधी मला काही नको म्हणायचं आणि मुकुट पुढे केल्यावर त्यासाठीच आलो म्हणायचं. आलाय ना हावरटपणा?

आणि त्याला जर माहीत होतं की शेवट इथे आहे, तर शहर जळणार हेही माहीत होतं. गप्प का बसला?

तिसरा_डोळा

सगळं आठवणं आणि पुढचं सगळं दिसणं यांत फरक आहे. पुढचं त्याला तुकड्या-तुकड्यांनी दिसतं.

शंकासूर

चौथ्याच सीझनमध्ये त्याला किंग्ज लँडिंगच्या छपरांवर ड्रॅगनची सावली दिसली होती. बराच नेमका तुकडा.

रानवारा

शंकासूर, आता बघ मी काय सांगते. गुपित कुठून कुठे गेलं ते मांड. ब्रॅन सॅमला म्हणतो जॉनला सांगायची वेळ झाली. सॅम, तोही नेमका बाप आणि भाऊ जाळल्याचं कळून हादरलेला असताना, जॉनला सांगतो. जॉन डॅनीला सांगतो. मग देवराईत बहिणींना सांगायचं की नाही यावर ब्रॅन म्हणतो, तू ठरव. सान्सा टिरियनला सांगते, टिरियन व्हेरिसला. व्हेरिस पत्रं लिहितो. डॅनी एकटी पडते. शहर जळतं. डॅनी मरते. राजा कोण? ब्रॅन.

बाहेर हे खलनायकाचं काम समजलं असतं. इथे त्याला "सर्वोत्तम गोष्ट" म्हणतात.

कातरवेळ

रानवारा, म्हणजे टिरियनने ब्रॅनला निवडलं की ब्रॅनने टिरियनला? तो राजा होताच पहिलं काम काय करतो, तर टिरियनला हँड नेमतो. अनसलीडांचा सेनापती ग्रे वर्म विरोध करतो तेव्हा म्हणतो, याने भयंकर चुका केल्या आहेत, त्या निस्तरण्यात याचं उरलेलं आयुष्य जाईल. शिक्षा म्हणून पंतप्रधानपद! असली शिक्षा मलाही द्या.

हे जर जाणूनबुजून लिहिलं असतं, की शांत चेहऱ्याचा मुलगा सगळ्यांना हलवतो आहे आणि आपल्याला शेवटच्या दहा मिनिटांत कळतं, तर मी उठून सलाम केला असता. पण मालिका ते गंभीरपणे, गोड संगीत लावून "शहाणा राजा मिळाला" म्हणून दाखवते. अवांतर : संगीतकार जवादींच्या संगीताला मात्र बोट लावायला जागा नाही. नाइट किंग देवराईत येतो तेव्हाचा पियानो ऐकायला तो भाग परत लावते मी.

बोरूबहाद्दर

राजा कोण हा प्रश्न मला गौण वाटतो. राज्य हातात आल्यावर ते घ्यायचं कशाला, हा खरा प्रश्न. युधिष्ठिराला राज्य नको होतं, भाऊबंद मारून मिळालेलं सिंहासन त्याला विषासारखं वाटत होतं. त्याला तयार करायला भाऊ, द्रौपदी, कृष्ण, व्यास सगळे लागले, शरपंजरी भीष्मांकडून राजधर्म ऐकावा लागला, आणि ते शांतिपर्व महाभारतातलं सर्वात लांब पर्व आहे. इथलं शांतिपर्व ड्रॅगनपिटमध्ये खुर्च्यांवर बसून उरकलं. सान्साचा मामा एडम्युर उठून स्वतःचं नाव सुचवू लागतो तर सान्सा त्याला बसवते, सॅम म्हणतो सगळ्या लोकांना विचारू या तर सगळे हसतात. लाखभर माणसं नुकतीच जळाली आहेत आणि विनोद चालले आहेत.

उंबरठा

सॅमवरचं हसू मला आवडलं. त्या जगात ती मंडळी हसणारच. एका झटक्यात लोकशाही आणली असती तर जास्त खोटं वाटलं असतं. वंशाने राजा ठरणार नाही, सरदार मिळून निवडतील, एवढंच पाऊल पुढे टाकलं ते योग्य मापाचं आहे.

एकूणच मला वाटतं सर्वांनी घटना आणि घाई यांची गल्लत केली आहे. पहिल्या सहा सीझनना दहा दहा भाग, सातव्याला सात, आठव्याला सहा. एचबीओला आणखी चालवायला हरकत नव्हती, मालिकेचे कर्ते बेनिऑफ आणि वाइस यांनाच 73 भागांत आटपायचं होतं.

कातरवेळ

घाईचं कारण मला पुरेसं वाटत नाही. "द लाँग नाइट" 82 मिनिटांचा आहे. चौथ्या भागात मेजवानीला किती वेळ दिला बघा. टिरियन-ब्रॅन संभाषणाला चार मिनिटं लागली असती. वेळ होता, तो दुसरीकडे खर्च केला.

मीआहेच

मेजवानीचा वेळ टेबलावर चुकून राहिलेल्या कॉफीच्या कपासाठी राखीव होता.

शंकासूर

माझ्या काही किरकोळ शंका :

यारा ग्रेजॉयने सहाव्या सीझनमध्ये डॅनीकडून आपल्या बेटांचं स्वातंत्र्य कबूल करून घेतलं होतं. सान्सा उत्तर वेगळं मागते, ब्रॅन लगेच हो म्हणतो, आणि यारा शेजारी बसून ऐकून घेते? डॉर्नचा राजपुत्रही गप्प. त्याला तर नावही दिलेलं नाही.

विंटरफेलनंतर निम्मं सैन्य उरलं म्हणतात. शेवटच्या भागात पायऱ्यांखालची गर्दी बघून निम्मं नव्हे, दुप्पट वाटतं.

ग्रे वर्म नाथ बेटाला निघून गेल्यावर डॅनीला मारल्याबद्दल जॉनला दिलेल्या शिक्षेची (भिंतीवर पहारा देणाऱ्या नाइट्स वॉचमध्ये रवानगी) अंमलबजावणी कोण करून घेणार होतं? आणि भिंतीला भगदाड, पलीकडचे लोक मित्र, मेलेल्यांची फौज संपली, तर नाइट्स वॉच पहारा कसला देणार?

उंबरठा

नाथवरून आठवलं. पुस्तकांत नाथच्या फुलपाखरांमुळे बाहेरून आलेल्या माणसांना जीवघेणा ताप येतो. म्हणजे ग्रे वर्म अनसलीडांना घेऊन कुठे निघालाय ते बघा. मालिकेत याचा उल्लेख नाही, त्यामुळे बिचारे वाचले असं धरून चालू.

रानवारा

जेमीवर कुणीच बोललं नाही. सात सीझन घालून माणूस सुधारला, योद्धा ब्रिएनला नाइट केलं (तो सीन अख्ख्या सीझनमधला सर्वात सुंदर), आणि दोन भागांनी परत सर्सीकडे. टिरियनला म्हणतो की सामान्य लोकांची मला कधी पर्वाच नव्हती. ज्या माणसाने त्याच लोकांना वाचवायला वेड्या राजाच्या पाठीत तलवार खुपसली आणि आयुष्यभर "किंगस्लेयर" ही शिवी खाल्ली, तो?

बोरूबहाद्दर

जेमीचं मला पटलं. माणूस सुधारतो आणि परत घसरतो, हे लिहायला धाडस लागतं. ते एक वाक्य मात्र सरळ खोडून टाकण्यासारखं आहे. नंतर ब्रिएन राजाच्या अंगरक्षकांच्या नोंदींच्या श्वेतग्रंथात त्याच्या नावापुढचं उरलेलं पान भरते, "आपल्या राणीचं रक्षण करताना मेला" इथे येऊन थांबते, शाई वाळू देते आणि पुस्तक मिटते. स्वतःबद्दल एक अक्षर नाही. तिथे लेखन होतं.

तिसरा_डोळा

आणि टिरियनचा अभिनय? डिंक्लेजला याच सीझनसाठी चौथा एमी मिळाला. विटा बाजूला करून भाऊ-बहिणीचे चेहरे दिसतात तो सीन आठवा. लेखनाने घालवलं ते त्याने राखलं.

कातरवेळ

अभिनयाबद्दल वादच नाही. त्यामुळेच राग येतो. तुरुंगात जॉनला समजावतो तो सीन घ्या. तिने गुलामांचे मालक मारले तेव्हा कुणी तक्रार केली नाही, सरदारांना ठोकलं तेव्हा नाही, प्रत्येक वेळी दुष्ट माणसं मेली आणि आपण जयजयकार केला, म्हणून तिला आपण बरोबरच आहोत याची खात्री होत गेली. मुद्दा लाखमोलाचा. डॅनीच्या अख्ख्या प्रवासाचं याहून चांगलं स्पष्टीकरण मालिकेत नाही. पण ते घडून गेल्यावर, तुरुंगात, तिसऱ्याच माणसाच्या तोंडून कशाला? हे डॅनीच्या आत चाललेलं आम्हाला चौथ्या भागात दिसायला हवं होतं. टिरियन पात्र राहिलाच नाही, लेखकांचा वकील झाला. आधी कथेला वळण हवं म्हणून चुका करायच्या, मग त्या वळणाचं समर्थनही त्यानेच करायचं.

रानवारा

हे मान्य. "लेखकांचा वकील" चोरते आहे.

शंकासूर

अजून एक, मग मी गप्प बसतो. जॉनने डॅनीला मारलं तेव्हा तिथे फक्त ड्रोगोन होता. त्याने सिंहासन वितळवलं आणि तिला उचलून घेऊन गेला. प्रेत नाही, साक्षीदार नाही. मग ग्रे वर्मला कळलं कसं? जॉनने "राणी ड्रॅगनवर बसून गेली" एवढंच म्हटलं असतं तरी कुणाला पत्ता लागला नसता.

उंबरठा

स्वतःच सांगितलं असणार, दुसरं काय. सातव्या सीझनमध्ये याच ड्रॅगनपिटमध्ये सर्सीपुढे एक साधं खोटं बोलायचं होतं, तेही जमलं नव्हतं त्याला.

कातरवेळ

आणि तेव्हा, कधीतरी थोडं खोटं बोलायला शीक म्हणून त्याला झापलं कुणी होतं? टिरियननेच.